पुण्यातल्या घराच्या पत्र्याखालच्या माळ्यावर मॅकडोनाल्डच्या हॅपी मीलसोबत (मुलांच्या खाण्याबरोबर) मिळालेली वीस वर्षं जुनी सीलबंद खेळणी सापडली आहेत, निम्मी दिवा लागणारी किंवा आवाज करणारी. विकून किती येतील? सील तोडलं की किंमत जाते म्हणतात, तर पाकीट फोडू का?

फोडा. आजच फोडा.

किमतीचं नंतर बघू. 'सील तोडलं की किंमत गेली' हे तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याने आत सेल असलेलं खेळणं कधी उघडलेलं नसणार. तुमची निम्मी पाकिटं दिवा लागणारी किंवा आवाज करणारी, आणि वीस वर्षं पत्र्याखालच्या माळ्यावर. पुण्याचा एप्रिल-मे तिथे कसा असतो ते सांगायला नको. यातला बटण सेल, म्हणजे बटणाएवढी चपटी बॅटरी, बहुधा अल्कलाइन असतो. तो पाझरला की आतला क्षार बाहेर येऊन धातूच्या पट्ट्या खातो, आणि पाकीट बंद असल्यामुळे हे कुणाला दिसतही नाही. सीलबंद म्हणून जपलेलं खेळणं आतून गेलेलं असतं.

पाकीट वरून टरकावू नका. मागच्या जोडापासून दोन मिलिमीटर आत ब्लेडने सरळ चीर द्या. छापील बाजू शाबूत राहते. पाकीट आणि आतला कागद सपाट करून जपा, घेणारा तेही मागतो. सेलच्या झाकणाचा स्क्रू बऱ्याचदा तीनकोनी खाचेचा असतो. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने तो झिजतो आणि मग झाकण फोडावंच लागतं. तीनकोनी टोकाचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन मिलिमीटरचा चपटा खाचेत तिरका अडकवून, दाबून फिरवा.

आत पांढरी भुकटी दिसली तर हातमोजे घाला. कान साफ करायच्या काडीवर पांढऱ्या व्हिनेगरचा एकच थेंब घेऊन पट्टीला लावा, फसफसेल. फसफस थांबली की पुसा आणि पुन्हा लावा. हिरवट डाग साध्या खोडरबराने निघतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल (सफाईचं, उडून जाणारं) फिरवून एक दिवस उघडं ठेवा. घाईने त्याच दिवशी सेल घातला तर ओलीवर पुन्हा गंज धरतो. सेल तपकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) मिळतात, पण जुना मोजून जा. एलआर ४४ आणि एलआर ११३० हे दोन्ही सेल ११.६ मिलिमीटर रुंद, पहिला ५.४ जाड, दुसरा ३.१. चुकीचा आणला की एकतर झाकण बसत नाही, नाहीतर सेल आत खुळखुळतो आणि लोक सर्किट गेलं म्हणून खेळणं फेकून देतात. अर्थात, ठेवणीतल्या खेळण्यात नवा सेल घालून ठेवायचाच नाही. चालतं का बघा आणि काढून घ्या.

मऊ बाहुल्या चिकट झाल्या असतील तर ती धूळ नव्हे, प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर आलंय. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई कायमची उतरते. थर्माकोलमध्येही नको, तेच द्रव्य थर्माकोल विरघळवतं आणि तो बाहुलीला चिकटून बसतो. बटर पेपर चालतो.

आता पैसे. या वस्तू दुर्मिळ नसतात, कारण त्या वाटायलाच बनवलेल्या असतात. १९९७ साली अमेरिकेत मॅकडोनाल्डने 'टीनी बीनी' या दाणे भरलेल्या छोट्या कापडी बाहुल्या दिल्या, तेव्हा लोक खाणं टाकून बाहुल्या घेऊन जात होते. सुमारे १० कोटी बाहुल्या पाच आठवडे पुरतील असा अंदाज होता, त्या दोनच आठवड्यांच्या आसपास संपल्या. सगळ्यांनी जपून ठेवल्या, म्हणून आज त्यांना भाव नाही. ऑनलाइन मागितलेली किंमत वाचून हुरळू नका, विकली गेलेली किंमत बघा. अख्खा संच असेल तर बोलणी होतील. सुटं खेळणं जुन्या बाजारात ढिगातलंच.

दोन गोष्टी राहिल्या. घरात लहान मूल असेल तर काढलेले सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून टाका. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो. आणि ढिगात दोन भागांत उघडणारा पोकेमॉनचा चेंडू आहे का बघा. तो बर्गर किंगचा १९९९चा असेल तर अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाने आणलेला असणार, कारण बर्गर किंग भारतात २०१४ला आलं. अर्धा चेंडू तेरा महिन्यांच्या बाळाच्या नाका-तोंडावर घट्ट बसून जीव गेल्यामुळे बर्गर किंगने अडीच कोटींहून जास्त चेंडू परत मागवले होते. तो विकू नका, तोडून कचऱ्यात टाका.