सुपारी आणि बिंदू

पॅरिस, एप्रिल २०२३

प्रिय मनू,

रविवारी पॉम्पिदू संग्रहालयातलं रझांच्या चित्रांचं प्रदर्शन बघून बाहेर पडताना तू विचारलंस, "बाबा, त्या काळ्या गोळ्यात तुला खरंच काही दिसतं, की दिसतं असं म्हणायचं असतं? पाडव्याच्या सुपारीसारखं?" मी म्हणालो घरी गेल्यावर बोलू, आणि बोललोच नाही. प्रश्न लागला मला. तू अगदी साधेपणानं विचारलास, म्हणून जास्तच लागला. समोर बसून सांगायला गेलो की माझा सूर समजावणीचा होतो आणि तू नुसती मान डोलावतेस, म्हणून लिहितोय.

हाच प्रश्न मी आठ वर्षांचा असताना विचारला होता. नागपुरात, महाल भागातल्या घरी, सत्यनारायणाला. गुरुजींनी तांदळाच्या मुठीवर सुपारी ठेवली आणि म्हणाले, हा गणपती. कोनाड्यात चांगला सोंडेचा गणपती होता, मग ही सुपारी कशाला? सुधाकाकांनी डोळे वटारले. तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, माझा हात धरला, चिमटीत अक्षता दिल्या आणि सुपारीवर वाहायला लावल्या. उत्तर काही मिळालं नाही.

आजीची रांगोळी तू फक्त फोटोत पाहिलीस. रोज पहाटे सडा घालून ती अंगणात उकिडवी बसायची आणि चिमटीतून ठिपके सोडत जायची. आधी मधली पंधराची ओळ, मग वर-खाली एकेक कमी करत एकापर्यंत. सणावाराला मोठी, एरवी लहान. मी पायरीवर बसून मोजायचो. ठिपके पुरे झाले की रेघा ओढायच्या आधी ती थांबायची. चिमूट तशीच हवेत, आणि नजर त्या ठिपक्यांवर. मला वाटायचं, विसरली. "आई, पुढे?" म्हटलं की म्हणायची, "थांब रे, बघू दे." काय बघायची कोण जाणे. मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही.

आता चित्रकार सय्यद हैदर रझा. भिंतीवरची माहिती तू वाचलीसच, पण थोडं माझ्याकडून ऐक. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा हा मुलगा, जन्म १९२२ चा, वडील जंगलखात्यात. शाळेत लक्ष म्हणून लागायचं नाही. एके दिवशी मास्तरांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. पुढे ते आपल्या नागपूरच्या चित्रशाळेत शिकले (हे वाचून मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं), मग मुंबईला जे. जे., आणि १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर इथे, पॅरिसला. इथली गावं, घरं, चर्चं रंगवली, नाव झालं, १९५६ मध्ये इथल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. आणि एवढं सगळं झाल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, तो मास्तरांचा ठिपका बिंदू होऊन परत आला. मग शेवटपर्यंत सुटला नाही.

तू असंही म्हणालीस की नाव तर मुसलमान आहे, मग बिंदू त्यांचा कसा? मला वाटतं, मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढला तेव्हा तो कोणाचा हे त्या वर्गात कोणीच विचारलं नसेल. १९८१ च्या एका चित्रात त्यांनी बिंदूसोबत देवनागरीत एक ओळ लिहिली आहे, आईला उद्देशून: परत येईन तेव्हा काय आणीन? साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून ते शेवटी परत गेले. २०१६ मध्ये दिल्लीत वारले आणि मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

बिंदू म्हणजे बीज, तिथूनच सगळं उगवतं, असं ते म्हणत. मला तेवढ्या खोलात जाता येत नाही. कॉलेजात गेल्यापासून वीसेक वर्षं मी देवासमोर हातसुद्धा जोडले नव्हते. आजीला वाईट वाटायचं, पण तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. सुपारी मांडायला लागलो तो तू झाल्यावर. श्रद्धा म्हणून की तिची आठवण म्हणून, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तुझ्या प्रश्नानं नेमकं तिथेच बोट ठेवलं.

तर, दिसतं का? रविवारी त्या चित्रासमोर मला ओलं अंगण दिसलं आणि आजीचा थांबलेला हात. देव दिसला असं मी म्हणणार नाही. पण खोटं खोटंही काही नव्हतं, मनू. तुला तिथे नुसता काळा रंग दिसला असेल तर तेही खरंच.

गणपतीत मी पुन्हा सुपारी मांडणार आहे. तू बसलीच पाहिजेस असं नाही. बसलीस तर बरं वाटेल, एवढं मात्र लपवत नाही.

आणि ही सुपारी दुकानातली नाही. मी नागपूर सोडलं तेव्हा आजीनं तांदळाच्या पुरचुंडीत बांधून दिलेली, तीच. पूजा झाली की मी ती धुऊन मिसळणाच्या डब्याशेजारच्या पितळी वाटीत ठेवतो. तिच्या शिरांमध्ये कुंकू जाऊन बसलंय, कितीही धुतलं तरी निघत नाही. कधी वाटलं तर हातात घेऊन बघ.

तुझा,
बाबा