मे महिन्यानंतर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या फ्रॅटर्निटीतून, म्हणजे मुलांच्या कॉलेज-संघटनेतून, गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली मुलं सध्या काय करतात, असं तू विचारलंस. चॅप्टरचा, म्हणजे तिच्या आपल्या कॉलेजातल्या शाखेचा, फॅकल्टी ॲडव्हायझर म्हणून मला ते ठाऊक असतं, आणि जानेवारी उजाडला की प्रत्येक सीनियर हाच प्रश्न घेऊन येतो. सांगतो, पण तुझ्या बाबतीत नुसतं सांगून भागणार नाही.

एक जण शिकागोत कन्सल्टिंगमध्ये आहे. दोघं न्यूयॉर्कला बँकेत ॲनालिस्ट आहेत. पगार भरपूर, पण रात्री बारापर्यंत ऑफिस आणि रविवारही स्वतःचा नाही. एकाला मेडिकलला जायचंय. तोवर तो इमर्जन्सी विभागात स्क्राइब आहे, म्हणजे डॉक्टर पेशंटशी बोलत असताना शेजारी उभं राहून नोंदी टाइप करायच्या. एक पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशात सेवेला पाठवणाऱ्या सरकारी संस्थेत, गेला, २७ महिन्यांसाठी. आणि एक आईवडिलांच्या मोटेलवर रात्रपाळीला बसतो आणि दिवसा लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, एलसॅटची, तयारी करतो. तुम्हां मुलांच्या बोलण्यात कन्सल्टिंगवाला आणि बँकवालेच येतात. मोटेलवाल्याचं नाव कोणी काढत नाही, पण पुढच्या तीन वर्षांत काय करायचं हे या सगळ्यांत त्यालाच नीट माहीत आहे.

आता तुझं. ही सगळी मुलं इथलीच, अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांनी सहा महिने काही केलं नाही तरी त्यांना देश सोडावा लागत नाही. २६ वर्षांचे होईपर्यंत ती आईवडिलांच्या आरोग्य विम्यात राहू शकतात. तुझे आईबाबा नाशिकला, तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, आणि तुझा विमा विद्यापीठाचा. पीस कोअर नागरिकांनाच घेतं. पदवीनंतर तुला ओपीटीचे, म्हणजे याच व्हिसावर आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतील, आणि त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. सिव्हिल इंजिनिअरिंग स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित या गटात, येतं म्हणून पुढे आणखी २४ महिने मिळू शकतात, पण त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली हवी आणि काम तुझ्या विषयातलंच हवं. म्हणून मित्रांचं बघून 'एक वर्ष जरा फिरून घेतो' हा विचार मनात आला असेल तर तो सोड. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण फिरायचं वय हेच आहे. पण ते वर्ष तुझ्याकडे नाही.

ओपीटीचा अर्ज पदवीच्या तारखेआधी ९० दिवसांपासून भरता येतो, म्हणजे तुझी पदवी मेमध्ये, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून. नोकरी मिळेपर्यंत थांबू नकोस. अर्जाला नोकरीचं पत्र लागत नाही. भरण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन सगळं विचारून घे, नियम बदलत असतात.

राहिला तुमच्या भावांच्या, म्हणजे फ्रॅटर्निटीतल्या आजी-माजी मुलांच्या, ओळखींचा प्रश्न. इथल्या काही फ्रॅटर्निटी १८२० च्या दशकातल्या आहेत. अल्फा फाय अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संस्था कॉर्नेलला १९०६ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या पदवीधरांचे चॅप्टर गावोगावी आहेत. मार्टिन ल्यूथर किंग तिच्यात आले तेसुद्धा कॉलेज संपल्यावर, १९५२ मध्ये, बॉस्टनला पीएच.डी. करताना. तुमच्यासारख्या दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटी मात्र १९९० च्या दशकातल्या. डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ची, बीटा काय थीटा १९९९ ची. तुमचे सगळ्यांत जुने भाऊ आता कुठे पन्नाशीकडे चाललेत. एका फोनवर नोकरी देईल असा म्हातारा बॉस तुमच्याकडे फारसा सापडणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला मुलगा आहे, आणि इंटरव्ह्यूत काय विचारलं हे त्याला अजून आठवतं. त्याला फोन कर. 'काही असेल तर सांग' असं मोघम म्हणू नकोस. सरळ विचार: तुमची कंपनी ओपीटीवरच्या मुलांना घेते का? ई-व्हेरिफायमध्ये आहे का? एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज भरते का, आणि गेल्या वर्षी खरंच कोणाचा भरला का? तो भाऊ आहे, खरं सांगेल. याहून मोठी मदत त्याच्याकडून मागायची गरजही नाही.

उलट एखादा भाऊच 'मस्त संधी आहे' म्हणत फोन करेल. आयुर्विमा विकायचा, पगार नाही, फक्त कमिशन, आणि पहिलं काम म्हणजे ओळखीच्या लोकांची यादी काढायची. ती यादी म्हणजे तुमचाच चॅप्टर. दरवर्षी कोणीतरी यात अडकतो, आणि मैत्री तुटते ती कायमची. तुझ्या व्हिसावर तर हे काम बसतच नाही. तिथल्या तिथे नाही म्हण.

आणखी एक. तुमच्या चॅप्टरमध्ये सिव्हिलचा तू एकटाच आहेस. पूल, रस्ते, सांडपाण्याचे प्रकल्प डिझाइन करणाऱ्या कंपन्यांत तुमचा एकही भाऊ नाही. त्या कंपन्यांची माणसं भेटतात ती सिव्हिल इंजिनिअरांच्या सोसायटीच्या विद्यार्थी शाखेत, जिथे तू पहिल्या वर्षानंतर फिरकला नाहीस. त्यांच्या बैठकीच्या गुरुवारी बास्केटबॉल असतो, मला माहीत आहे. चार महिने तो सोड. आणि एफईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मूलभूत विषयांची, परीक्षा मे महिन्याच्या आत देऊन टाक. ११० प्रश्न असतात, आणि स्टॅटिक्स, फ्लुइड्स डोक्यात ताजं असताना ती जितकी सोपी जाते तितकी नोकरी लागल्यावर जात नाही. पुढे पीईचं, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचं, लायसन्स हवं असेल तर सुरुवात इथूनच होते.

माझ्याकडच्या माहितीत दोन मुलांच्या नावापुढे काहीच नाही. मी ईमेल केले, उत्तर आलं नाही. त्यातला एक तुझा बिग ब्रदर, म्हणजे नव्या मुलाला सांभाळायला नेमलेला थोरला भाऊ. पहिल्या वर्षी तू घरच्या आठवणीने रडकुंडीला आला होतास तेव्हा तो तुला स्वतःच्या घरी थँक्सगिव्हिंगला घेऊन गेला होता. नोकरीचं काही विचारू नकोस, नुसता फोन कर. त्याने नाही उचलला तर त्याच्या आईला कर. तिचा नंबर तुझ्याकडे असेलच.

पुढच्या शनिवारी घरी जेवायला ये. येताना रेझ्युमे आण, आणि आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला तुझा व्हिसाचा कागद, तोसुद्धा, तारखा एकदा मिळून बघू.

तुझा,
काका