सर्पिल दीर्घिकेत (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा आणि वायूचा प्रचंड समूह) नवे तारे जन्मतात, मग लंबगोल दीर्घिकेत जवळपास का नाहीत?

थंड वायू नाही म्हणून. फिरता वायू आकसला की चपटी तबकडी होते. तिच्या भुजा म्हणजे वाहतूक कोंडी: तारे आत शिरतात, बाहेर पडतात, कोंडी तशीच राहते. तिथे वायू दाटतो आणि १०-२० केल्विनपर्यंत (उणे २५० अंश सेल्सिअसच्याही खाली) निवलेले हायड्रोजनचे ढग स्वतःच्याच वजनाने कोसळून तारे बनतात. दोन मोठ्या तबकड्या आदळल्या तर ताऱ्यांच्या कक्षा विस्कटून लंबगोल उरतो. कन्या राशीतल्या एम८७ या लंबगोल दीर्घिकेत वायू भरपूर आहे, पण कोट्यवधी अंश तापलेला. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचे झोत त्याला निवूच देत नाहीत.

थंड वायूचा साठा बाहेरून भरत राहणं फार महत्त्वाचं. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला (२०२०). तारे ज्या वेगाने बनत होते, त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षंच पुरला असता.