वहिनी, व्हिएतनामला निघालात तर हे वाचून घ्या

वहिनी, जांभळी नाक्यावरून पिशवीभर खाकरे आणि मेतकूट उचलायची गरज नाही. विमानापुरत्या चार दशम्या घ्या, पुरे. तिकडे ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी, आपला चहा नव्हे) अशी पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा. ही बौद्ध पद्धतीची शाकाहारी हॉटेलं. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, तिथे गर्दी उसळते. त्या दिवशी जरा लवकर जा. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, तुमच्या सासूबाई खूश!

साध्या हॉटेलात मात्र ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. मांस काढतील, पण सॉस माशाचाच राहील, रस्साही हाडांचा. म्हणून ‘फो चाय’च मागा: तांदळाच्या शेवया, मशरूम, टोफू आणि चक्रीफूल-दालचिनीच्या वासाचा वाफाळता रस्सा. लिंबू पिळा, मिरची बेताने. सोबत हिरव्या पानांचं ताट येतं. त्यात हृदयाच्या आकाराचं एक पान असतं, चुरगाळलं की चक्क मासळीचा वास! दचकू नका, वनस्पतीच आहे. मला काही ते झेपत नाही, मी बाजूला सारते.

‘चाय’ हॉटेलात ताटात चिकनसारखं दिसलं तर ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. भाऊजींना आवडेल, तुम्हाला कदाचित किळस येईल. तुम्ही दूध सोडलंय, तेव्हा कॉफी काळीच सांगा, नाहीतर तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर असतो. अंडंही चालत नसेल तर ते वेगळं विचारा, काही ठिकाणी घालतात.