गाडीचे प्रश्न: जुन्या गाडीला ‘चिप’ लावून पिकअप वाढेल का?

प्रश्न: माझी 2010 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, 1.2 लिटर, पूर्णपणे कंपनी फिटेड. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला आता दुसरा गिअर टाकावा लागतो, पूर्वी तिसऱ्यावर निघायची. ॲव्हरेजही उतरलंय. एका गॅरेजवाल्याने ‘ईसीयू रिमॅप करा, 15 टक्के पॉवर वाढेल’ म्हणून 22 हजार सांगितले. करावं का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर: नको. निदान आत्ता तरी नको. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि रिमॅप म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलणं.

तुमच्या इंजिनला टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नाही. हवा सिलिंडरमध्ये जाते ती फक्त वातावरणाच्या दाबाने, आणि जेवढी हवा आत जाईल तेवढंच पेट्रोल जळू शकतं. ईसीयूतला प्रोग्रॅम कितीही बदलला तरी हवा वाढत नाही. बदलता येतात त्या दोनच गोष्टी: पेट्रोलचं प्रमाण आणि ठिणगीची वेळ. पॅडल पूर्ण दाबल्यावर कंपनीच्या प्रोग्रॅममध्येही मिश्रण आधीच गडद (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) केलेलं असतं, आणि ठिणगी जिथे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं त्या हद्दीच्या थोडी अलीकडे ठेवलेली असते. ते ‘थोडं’ अंतर हलक्या पेट्रोलसाठी, मे महिन्यातल्या उकाड्यासाठी आणि जुन्या होत जाणाऱ्या इंजिनसाठी राखलेलं असतं. रिमॅप करणारा तेच खर्ची घालतो. त्यातून चांगल्या हातानेही तीन ते पाच टक्के मिळतात, म्हणजे 85 पीएसवर तीन-चार पीएस. तेही बहुतेक 5000 आरपीएमच्या पुढे. कापूरबावडी ते गायमुख या गर्दीत इंजिन तिथवर पोचतंच कुठे? इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (हवेची झडप तारेऐवजी मोटरने उघडणाऱ्या) गाड्यांत पॅडलचा प्रतिसाद तीव्र करतात, त्यामुळे थोड्या दाबावर थ्रॉटल जास्त उघडतो आणि गाडी चपळ वाटते. पॅडल पूर्ण दाबल्यावर मात्र ताकद तीच असते.

तुमच्या पत्रातला खरा धागा वेगळा आहे: पूर्वी ती चढत होती. म्हणजे ताकद हरवली आहे, आणि हरवलेली ताकद प्रोग्रॅमने परत येत नाही. आधी ती शोधा. हा क्रम ठेवा.

पहिलं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे इंजिन तापलं की काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग इंजिन 60-70 अंशांवरच फिरत राहतं, ईसीयूला वाटतं गाडी अजून थंडच आहे, आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. ॲव्हरेज पडण्याचं हे फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. स्कॅनरवर कूलंटचं तापमान साधारण 85 ते 95 च्या दरम्यान स्थिर राहायला हवं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब. मोजताना इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग काढलेले, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडवलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. असं इंजिन रिमॅप करणं म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरं, स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. इथे जरा सावध राहा, कारण आजच्या ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर जुनी गाडी +5 ते +8 टक्के दाखवते. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल वाढवायला सांगतो. तो दोष नव्हे. त्याहून बराच वर आकडा असेल आणि लोड वाढवल्यावर आणखी चढत असेल, तर पंप अशक्त झालाय किंवा फिल्टर तुंबलाय. इंधनाचा दाब गेजने मोजून घ्या. मॅफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत आकडा आयडलला जास्त आणि 2500 आरपीएमवर उतरत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय: मॅनिफोल्ड गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरची नळी. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत अशीच गळती ट्रिमपेक्षा चढलेल्या आयडलमधून आधी कळते. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर 2013 पूर्वीच्या अनेक गाड्यांशी बोलत नाहीत, कारण ओबीडी-2 (गाडीतले दोष वाचण्याची ठरावीक पद्धत) आपल्याकडे एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं. गॅरेजचा स्कॅनर वापरा.

याशिवाय प्लग (गॅप मॅन्युअलप्रमाणे), एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा; ब्रेक धरलेला असेल तर लगेच कळतं. आणि चढावर आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही असं दिसलं, तर क्लच घसरतोय. तिथे इंजिनचा काही दोषच नाही.

गाडीला पंधरा वर्षं झाली असल्याने ठाणे आरटीओत पुनर्नोंदणीही आलीच. त्याआधी हे सगळं झालेलं बरं, कारण चुकीच्या रिमॅपने मिश्रण गडद झालं तर पीयूसीत बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलवर असलेली 0.3 टक्के सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

प्रश्न: 2012 ची 1.3 लिटर टर्बो डिझेल आहे. आठवड्याला खंडाळा घाट होतो. डिझेलला तरी रिमॅप उपयोगी आहे का?
— एक वाचक, खारघर

उत्तर: डिझेलला आहे. टर्बोचा दाब, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि इंजेक्शन, तिन्ही ईसीयूच्या हातात असल्याने हवा खरोखर वाढवता येते. 75 पीएसच्या इंजिनवर वीस टक्क्यांच्या आसपास वाढ वाजवी आहे. त्यापुढचा आकडा सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

किंमत क्लच मोजतो. मूळ क्लच 190 न्यूटन मीटरसाठी आहे. लाखभर किलोमीटर चाललेला असेल तर टॉर्क वाढताच चौथ्या-पाचव्या गिअरवर घसरायला लागतो. आधी टर्बोच्या शाफ्टचा खेळ, इंटरकूलरचे पाइप आणि इंजेक्टरचं लीक-ऑफ (टाकीकडे परत जाणारं डिझेल) तपासून घ्या. काम करणाऱ्याकडून मूळ फाइलची प्रत मागा, फ्लॅश करताना (नवा प्रोग्रॅम भरताना) बॅटरीला चार्जर जोडलेला आहे ना ते पाहा (मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो), आणि त्याच डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), त्याच दिवशी, आधी आणि नंतर मोजमाप घ्या. काळा धूर दिसला तर फाइल चुकीची आहे, सरळ परत करा. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत लावायचे ट्यूनिंग बॉक्स टाळा: ते ईसीयूला दाब खोटाच कमी दाखवतात, मग तो पंपाकडून आणखी दाब मागतो, आणि कंपनीने ठेवलेल्या मर्यादा निरर्थक ठरतात.

बदल विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. घाटात अपघात झाला तर सर्व्हेयर हे पाहू शकतो.

प्रश्न: ओबीडी सॉकेटमध्ये लावायची पाचशे रुपयांची ‘इकॉनॉमी चिप’ चालते का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: बहुतेकांच्या आत दिवा लुकलुकवण्यापलीकडे काहीच नसतं. दुसरा एक प्रकार हवेच्या तापमानाच्या सेन्सरवर रेझिस्टर लावण्याचा. त्याने ईसीयूला हवा थंड वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. काही किलोमीटरांत ऑक्सिजन सेन्सर ते पुन्हा खाली आणतो. जिथे ईसीयू त्या सेन्सरवरूनच ठिणगी मागे घेतो, तिथे भर उन्हात नॉकिंगचा धोका उरतो. लावली असेल तर काढा आणि चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड पुसण्याआधी तो लिहून ठेवा.