बॉटनी घेऊ का? – वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला तसं या सदराला येणारी निम्मी पत्रं बीएस्सीच्या अॅडमिशनची आहेत, आणि त्यातली बरीचशी बॉटनीची, म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतलाय. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातली. बारावीला पीसीबी होतं, नीटला मार्क कमी पडले, अॅग्रीला जवळच्या कॉलेजात नंबर लागला नाही. घरचे म्हणतात साधं बीएस्सी करून काय करणार, ड्रॉप घे नाहीतर डीफार्म कर. मला झाडांची पहिल्यापासून आवड आहे पण पप्पा म्हणतात आवडीवर पोट भरत नाही. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. बॉटनी घेऊ का?

उत्तर : घे. पण नीट हुकली म्हणून घेतेयस का झाडांसाठी घेतेयस हे एकदा स्वतःला विचारून घे, कारण नीट हुकली म्हणून आलेली मुलं पहिलं वर्षभर पुन्हा नीटचीच पुस्तकं उघडून बसतात, प्रॅक्टिकलला मन नसतं, आणि बॉटनी हा प्रॅक्टिकलवर उभा असलेला विषय आहे, तिथे मन नसलं की तीन वर्षं नुसती जर्नल पूर्ण करण्यात जातात.

आधी अॅग्री आणि बॉटनीतला फरक बघ, कारण घरोघरी यात गल्लत होते. अॅग्री हा चार वर्षांचा प्रोफेशनल कोर्स, आपल्या भागातली कॉलेजं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतात, त्यात पिकं, माती, पाणी, कीड-रोग, शेतीचं अर्थशास्त्र असं सगळं असतं आणि एमपीएससीतून कृषी अधिकारी व्हायचं तर डिग्री शेतीचीच लागते. बॉटनीवाल्याला तो दरवाजा बंद आहे हे आत्ताच माहीत असलेलं बरं. बॉटनीत तू झाड हा जीव आतून कसा चालतो ते शिकतेस, शेवाळ-बुरशीपासून नेचे, सूचिपर्णी, सपुष्प वनस्पतींपर्यंत, मग पेशी, जनुकं, शरीरक्रिया, वर्गीकरण, इकॉलॉजी. नाशिकमध्ये केटीएचएम आहे, आरवायके आहे, डिग्री पुणे विद्यापीठाची मिळते. कॉलेज निवडताना कॅम्पस बघू नकोस, बॉटनीच्या लॅबमध्ये जाऊन प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्र मायक्रोस्कोप येतो का आणि वर्षातून किती वेळा फिल्डवर नेतात, हे सीनियर मुलांना विचार.

आता पप्पांचा मुद्दा. तुमच्या दोन एकरात जे चालतं ते बघ ना. मणी फुगवायला घड जीएच्या पाण्यात बुडवता, तो जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, आणि त्याचा शोध द्राक्षात लागलाच नाही, भातात लागला. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं की भाताची रोपं एका रोगात नको तेवढी उंच वाढून कोलमडतात त्याला एका बुरशीतून निघणारा पदार्थ कारणीभूत आहे, पुढे तोच पदार्थ वेगळा काढून आज आपल्या ड्रममध्ये आलाय. डाऊनीवर, म्हणजे केवडा रोगावर, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मारता ते फ्रान्समधल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये मांडलं, आणि त्याला ते सुचलं ते रस्त्याकडेच्या वेली बघून, लोकांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर हे मिश्रण फासायचे आणि नेमक्या त्याच वेलींची पानं रोगातून वाचलेली त्याला दिसली. बागेत खाली डॉगरीजचा खुंट आणि वर थॉमसनचं कलम असेल तर दोन वेगवेगळ्या झाडांच्या नळ्या एकमेकींना जोडल्या कशा गेल्या, हा सरळ सरळ अॅनाटॉमीचा, म्हणजे झाडाच्या अंतर्रचनेचा, धडा आहे. पप्पा हे सगळं वर्षानुवर्षं करतायत, हाताने त्यांना येतं, तू त्यामागचं कारण शिकणार आहेस.

आणि पोटाचं म्हणशील तर एकच काम जवळून सांगते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आपल्याकडचे बागायतदार काड्यांची जुडी बांधून लॅबमध्ये नेतात ते तू पाहिलं असशील. तिथे काय करतात तर काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे कळी, घेऊन ब्लेडने त्याचे पातळ काप करायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं की आत घड तयार झालाय का नुसती बाळी, म्हणजे घडाऐवजी आधाराची तार, आहे, का मधला भाग काळा पडून मेलाय. घड असेल तर कितव्या डोळ्यात आहे. त्यावर शेतकरी ठरवतो काडी किती डोळ्यांवर छाटायची, आणि वर्षाचं पीक त्या एका निर्णयावर अवलंबून असतं. हे बघायला शिकवतो कोण, तर प्रॅक्टिकलला खोडाचे आणि कळ्यांचे सेक्शन घ्यायला लावणारे बॉटनीचे सर! ज्या मुलीला एकसारखा पातळ सेक्शन घेता येतो, सॅफ्रनिनचा रंग नेमका किती वेळ ठेवायचा कळतं आणि दिसलं तेच लिहायची सवय आहे, तिला हे काम जमतं. पानाच्या देठाचं परीक्षण, टिश्यू कल्चर (झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं) लॅब, नर्सरी, बियाणं कंपन्या, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच हात लागतात.

पण खोटी आशा लावणार नाही, नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार कमीच असतो, अॅग्रीवाल्यांशी स्पर्धाही असते. म्हणून माझं म्हणणं असं की दुसऱ्या वर्षापर्यंत एक तरी कौशल्य असं पकड की त्यासाठी लोक तुझं नाव घेतील, मग ते मायक्रोस्कोपी असो, टिश्यू कल्चर असो की रोगाची ओळख. आणि केमिस्ट्री सोडू नकोस, मायनरला बसत असेल तर घेच, युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची औषधांच्या अंशासाठी तपासणी होते आणि त्या लॅबमध्ये केमिस्ट्री येणारा माणूस लागतो. अजून एक, कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला जी शैक्षणिक पात्रता लागते त्यात बॉटनी विषय घेतलेलं बीएस्सी धरतात, घरचं कृषी सेवा केंद्र काढायचा विचार कधी आलाच तर हे लक्षात असू दे. पुढे संशोधनात जायचं झालं तर द्राक्षावर काम करणारी राष्ट्रीय संस्था पुण्याजवळ मांजरीला आहे, पुण्याच्या आघारकर संस्थेने तर द्राक्षाचं वाणही काढलंय, एआरआय-516, म्हणजे तुझ्या घरच्या पिकासाठी तुला फार लांब जायचीसुद्धा गरज नाही.

ड्रॉपबद्दल, डॉक्टरच व्हायचं असेल तर घे. घरचे म्हणतात म्हणून घेऊ नकोस.

प्रश्न : मॅडम, मी एफवायला आहे, त्र्यंबक रोडला राहतो. दहावीपर्यंत मराठी मीडियम. बॉटनीची शास्त्रीय नावं काही केल्या पाठ होत नाहीत, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, ब्लँक होतो. आणि हर्बेरियम (दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह) करायचंय तर मित्र म्हणतात अंजनेरीला जाऊन दुर्मिळ झाडं आणू, मार्क जास्त मिळतील. जाऊ का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, तोडायला म्हणून अंजनेरीला अजिबात जायचं नाही. अंजनेरीचा डोंगर हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प आहे, 2006 मध्ये नवीन प्रजाती म्हणून जगासमोर आलं, नावच आपल्या डोंगराचं आहे, आणि त्याची झाडं इतकी कमी उरलीत की जमिनीतला एक कंद उपटला तरी नुकसान मोठं होतं. पावसाळ्यात सरांबरोबर जा, वाट सोडू नका, गुडघे टेकून बघा, फोटो काढा. कंदीलपुष्पाच्या फुलाची रचना बघण्यासारखी असते, वर पाकळ्यांची टोकं जुळून पिंजऱ्यासारखी होतात, खाली नळी असते आणि नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस, बारीक माशी वासाने आत शिरते आणि केसांमुळे तिला परत वर येता येत नाही, ती आत धडपडते तेव्हा परागांचे पुंजके तिला चिकटतात, मग ते केस सुकले की तिची सुटका होते आणि ती पुढच्या फुलाकडे जाते. हे झाडावर असतानाच बघायचं असतं, दाबून वाळवलेल्या शीटवर यातलं काही कळत नाही.

हर्बेरियमला तण घे. आघाडा, टाकळा, गाजरगवत, दुधी, कॉलेजच्या कंपाउंडला आणि गोदावरीच्या काठाला हवं तेवढं मिळतं, कोणाचं नुकसान नाही. परीक्षकाला दुर्मिळ झाड नको असतं, नीट केलेली शीट हवी असते. फुलासकट फांदी घे, एक पान उलटं ठेव म्हणजे मागची बाजू दिसेल, आणि पावसाळ्यात वर्तमानपत्राचे कागद रोज बदल, एक दिवस आळस केला की बुरशी येते आणि सगळी मेहनत वाया जाते. फुलाचा रंग, झाडाची उंची, चीक निघतो का, वास कसा, हे तोडतानाच वहीत लिहून घे कारण वाळल्यावर यातलं काहीच उरत नाही. तारीख आणि जागा नसलेली शीट म्हणजे नुसतं वाळलेलं झाड, शास्त्राला तिचा उपयोग नाही.

आता नावं. नावं पाठ करायला बसूच नकोस, आधी कुळ ओळखायला शिक. घरी जास्वंदाचं फूल आणि भेंडीचं फूल शेजारी ठेव आणि दोन्ही उभी काप, दोन्हीत पुंकेसर जुळून एक नळी झालेली दिसेल आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आतून वर आलेला असेल, कापसाचं फूल मिळालं तर तेही बघ, तिथेही तेच. झालं माल्व्हेसी. मग मटाराचं किंवा चवळीचं फूल घे, एक मोठी पाकळी वर, दोन बाजूला, दोन खाली जुळून होडीसारख्या, ती फॅबेसी. रुई, सदाफुली, कण्हेर तोडली की चीक येतो, ती अॅपोसायनेसी, आणि गंमत म्हणजे अंजनेरीचं ते कंदीलपुष्पही याच कुळातलं, रुईचा नातेवाईक. अशी दहा-बारा कुळं हातात बसली की व्हायवाला अनोळखी झाड समोर आलं तरी तू ब्लँक होणार नाहीस, सरळ म्हणशील की नाव आठवत नाही पण या या कारणाने हे या कुळातलं आहे, आणि चांगला परीक्षक त्यालाच मार्क देतो.

मराठी मीडियमचा न्यूनगंड काढून टाक. तुला आघाडा, टाकळा, कुरडू ही झाडं लहानपणापासून माहिती आहेत, इंग्लिश मीडियमच्या किती मुलांना ती ओळखता येतात ते एकदा वर्गात बघ. रोज दोन नावं, झाड समोर धरून, स्पेलिंगसकट लिहायची. एवढं पुरतं.

प्रश्न : नमस्कार, मी सिन्नरहून लिहितोय, एमआयडीसीत नोकरी करतो. मुलगी एसवाय बॉटनीला आहे, हुशार आहे. पुढे सरकारी नोकरीची शक्यता कितपत, आणि आम्ही आत्तापासून काय करावं?

उत्तर : दादा, तुम्ही दुसऱ्या वर्षालाच विचारताय हे फार चांगलं केलंत, बहुतेक पालक टीवायचा निकाल लागल्यावर विचारतात.

वनखात्याचा रस्ता बॉटनीवाल्यांसाठी खरा आहे. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला जे ठराविक विषय डिग्रीला असावे लागतात त्यात बॉटनी आहे, आणि राज्यात एमपीएससीची वनसेवा आहे, त्यातून आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, होता येतं. फक्त ही अभ्यासाइतकीच अंगमेहनतीची नोकरी आहे, भारतीय वनसेवेत चालण्याची चाचणी असते, पुरुषांना 4 तासांत 25 किलोमीटर, महिलांना 14. मुलीला आवड असेल तर आत्तापासून सकाळी चालायला लावा, तुम्हीही सोबत जा.

संशोधनाकडे जायचं तर एमएस्सी करावंच लागतं. मोठ्या विद्यापीठांत एमएस्सीसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा आहे. आयआयटीतल्या एमएस्सीच्या जॅम या प्रवेश परीक्षेत बॉटनीचा पेपर नाही, बायोटेक्नॉलॉजीचा आहे, त्यामुळे तिकडे बघायचं तर तयारी वेगळी करावी लागते. गेट या परीक्षेला लाइफ सायन्सेसमध्ये बॉटनी घेता येते, पण केमिस्ट्री तिथे सक्तीची आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, एनसीएलमध्येच बांबूला बाटलीत, टिश्यू कल्चरमध्ये, फुलं आणली होती, 1990 सालची गोष्ट, कित्येक वर्षांतून एकदा फुलणाऱ्या झाडाला! अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोजेक्ट मिळतो का याची चौकशी तिने स्वतः मेल लिहून करावी, तुम्ही ओळख शोधत बसू नका, स्वतः लिहिलेल्या मेलला वजन असतं.

प्राध्यापकीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा होऊनही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी हुशार मुलं मी रोज बघते, त्यांची ओढाताण बघवत नाही. शिकवायची मनापासून ओढ असेल तर जरूर, पण तो एकच प्लॅन ठेवू नका.

आणि एक विनंती, तिच्या लग्नाचा विषय टीवाय आणि एमएस्सीच्या मध्ये काढू नका. आमच्या डिपार्टमेंटच्या चांगल्या मुली नेमक्या तिथे थांबतात.

प्रश्न : नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये बीएस्सीचं चौथं वर्ष करावं का तीन वर्षांत डिग्री घेऊन बाहेर पडावं? (पंचवटीतून)

उत्तर : नोकरी लगेच हवी असेल किंवा बीएड, एमपीएससी असं काही डोक्यात असेल तर तीन वर्षं पुरेत. संशोधन करायचं असेल तर चौथं वर्ष कर, कारण त्यानंतर एमएस्सी एका वर्षाची होते आणि चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असतील तर यूजीसीच्या नियमाने थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र ठरतेस. पण तुझ्या कॉलेजात चौथ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट कोण घेणार आणि लॅबमध्ये सामान काय आहे हे आधी बघ. गाइडच नसेल तर तीन वर्षांवर बाहेर पडून चांगल्या ठिकाणी दोन वर्षांचं एमएस्सी केलेलं जास्त बरं.