पैज कोण जिंकलं?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना साउथ डकोटातलं डेडवुड पाहिलं. मेन स्ट्रीटवर विटांच्या जुन्या इमारती, भर रस्त्यात खोट्या गोळीबाराचा खेळ आणि दारोदार जुगाराची यंत्रं! यजमान म्हणाले, हा सगळा सिनेमाचा सेट. मी म्हटलं, गाव खरंच जुनं आहे. दहा डॉलरची पैज लागली आहे. निकाल द्या.

उत्तर : वरच्या मजल्यांपुरत्या तुम्ही जिंकलात, तळमजल्यापुरते यजमान.

गाव १८७६ चं, ब्लॅक हिल्समधल्या सोन्यापायी घाईघाईत उभं राहिलेलं. ही जमीन तिथल्या मूळनिवासी लाकोटा लोकांची. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकी सरकारनेच ती त्यांना लिहून दिली होती. म्हणजे मेन स्ट्रीटची पहिली फळी ठोकली गेली तीच बेकायदा. घळ अरुंद, त्यामुळे गाव लांबट वाढलं. तेव्हाच्या दुकानांचं तोंड उंच, चौकोनी आणि मागे उतरत्या छपराची साधी खोली. मुखवटाच तो! पाटी लावायला सोयीचा, आणि लांबून दुकान दुमजली वाटायचं. सेट म्हणायचाच तर त्या दुकानांना म्हणावा.

तो मुखवटा २६ सप्टेंबर १८७९ ला जळाला. शर्मन स्ट्रीटवरच्या एका बेकरीत आग लागली, शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या बंदुकीच्या दारूच्या पिंपांचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० इमारती गेल्या. नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकला २ ऑगस्ट १८७६ ला पत्ते खेळताना मागून गोळी घातली, ते सलून, म्हणजे दारूचा गुत्ताही त्यातच गेला. आज 'सलून नंबर १०' अशी पाटी दिसते ती दुसऱ्याच जागेवर. तिच्यासमोर फोटो काढला असेल तर राहू द्या, पण मथळा बदला.

तुम्ही पाहिलात तो विटा-दगडांचा रस्ता चटका बसल्यावर शहाण्या झालेल्या व्यापाऱ्यांनी बांधला. शेरीफ, म्हणजे इथला पोलीसप्रमुख राहिलेल्या सेथ बुलॉकचं हॉटेल त्यानंतरचं, १८९० च्या दशकातलं. मला ते फार आवडतं. लोकांची नजर गोळीबारावर असताना मी त्याच्या भिंतीच पाहत उभा होतो.

१९६१ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. मानाने छपराची गळती थांबत नाही. १९८७ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा आग लागली आणि सिंडिकेट इमारत गेली. मग लोकांनी जुगाराला कौल दिला, अट एवढीच की त्यातला पैसा जतनाला लागावा. १ नोव्हेंबर १९८९ ला पत्ते पिसले गेले. सुरुवातीला एका डावाची मर्यादा होती ५ डॉलर. तुमची दहाची पैज तिथे बसलीच नसती.

पैसा आला, भिंती आणि दर्शनी भाग सावरले. पण यंत्रांसाठी लांबरुंद दालनं हवीत म्हणून शेजारशेजारच्या इमारती आतून एक झाल्या, आणि रोजच्या गरजेची दुकानं हटली. यजमानांचा मुद्दा इथे खरा ठरतो. तरी मी जुगाराला नावं ठेवणार नाही. नुसत्या कळकळीवर ढासळलेल्या इमारती मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. मेन स्ट्रीटच्या खालच्या टोकाला चिनी वस्ती होती. तिथली फी ली वाँग या व्यापाऱ्याची विंग त्सू ही इमारत १८७९ नंतरच्या सगळ्या संकटांतून तगली आणि २००५ मध्ये पाडली गेली, म्हणजे जतनाला पैसा मिळू लागल्यानंतर सोळा वर्षांनी. हिकॉकला मात्र त्या रस्त्यावर अजून दर उन्हाळ्यात मारतात.

पैजेचे पाच-पाच डॉलर वाटून घ्या.